चौथी पायरी

मी जन्मले तेव्हा आमच्या घराला दोन पायऱ्या होत्या,
आठवं लागलं तेव्हा तीन.
मला वाटायचं, घर वाढतंय,
रात्री दिवे मालवले की थोडं थोडं, माझ्यासारखंच.

घर नाही गं, बाबा म्हणायचे, जमीन खाली चाललीय.
दलदल उपसून काढलेली काळी जमीन ती,
पाणी गेलं की शिळ्या पावासारखी आकसायची.
मार्चमध्ये वारा सुटला की उठायची
आणि बीटाच्या बियाण्यासकट
कालवा ओलांडून पलीकडच्या गावी जायची.
म्हातारे थर्कल रस्त्यात उभे राहून ओरडायचे,
"शेत चाललं माझं! तिकीटसुद्धा न काढता!"

डोंगर मी अठराव्या वर्षी पाहिला.
तोवर शाळेत डोंगर काढा म्हटलं की
आम्ही चर्च काढायचो.
चर्चपेक्षा उंच काही असतं,
हे मिसेस गोटुबेड सांगायच्या म्हणून मान्य करायचं.
गोटुबेड म्हणजे 'झोपायला जा'.
गावात कुणी हसायचं नाही त्या आडनावाला;
निम्मी दफनभूमी त्याच नावाची होती
आणि तिथे ते शोभायचंही.
नवे पाद्री तेवढे पहिल्या रविवारी हसले,
मग वर्षभर त्यांच्या दाराशी
कुणी अंडी ठेवली नाहीत.

हिवाळ्यात पुराचं पाणी कुरणांवर गोठायचं.
बाबा आजोबांचे स्केट्स बुटांना बांधायचे
आणि एरवी दारातून आत येतानाही अडखळणारा हा माणूस
हात पाठीशी बांधून
क्षितिजापर्यंत जाऊन यायचा.
परत आल्यावर काही बोलायचा नाही.
मिशीवर बर्फ.

आई बीट काढायला जायची,
गुडघ्यांना गोणपाट गुंडाळून.
दोन बीटं एकमेकांवर आपटून माती झाडायची, मग कोयत्याने शेंडा.
नोव्हेंबरभर तो आवाज, ठप्प, ठप्प.
मी चौदाची होते त्या वर्षी
तिचे गुडघे सुजले ते उतरलेच नाहीत.
तोवर तिसरी पायरी जमिनीपासून
वीतभर, मग दीड वीत वर आली होती.
संध्याकाळी आई तिच्यावर आधी बसायची,
मग एकेक पाय हाताने उचलून वर घ्यायची.
आम्ही बघायचो. मी तरी बघायचे.
बाबा पेपर वाचायचे.

एका रविवारी, चॅपलची वेळ झालेली,
आमचे बाबा, दाराशी उभं राहून
येणाऱ्या प्रत्येकाला भजनाचं पुस्तक देणारे,
शर्टाच्या बाह्या दुमडून अंगणात सिमेंट कालवत बसले.
रविवारी! आमच्याकडे रविवारी
सुईत दोरासुद्धा ओवत नसत.
लोक सायकली ढकलत जात होते,
मान वळवून बघत होते, पुढे जात होते.
मिसेस गोटुबेड मात्र कालव्याच्या पुलावर थांबल्या.
"वाळू जास्त पडलीय, सिरिल," एवढंच म्हणाल्या.

ओल्या पायरीवरून आमची कोंबडी चालत गेली.
बाबांनी थापी उचलली, मग राहू दिलं.
दुसऱ्या दिवशी आईने पाय टेकवला.
"डावीकडे उतरतेय," म्हणाली,
आणि हात न टेकता घरात गेली.
भजनाची पुस्तकं पुढच्या आठवड्यापासून
थर्कलांचा जावई देऊ लागला.

परवा तिकडून गेले. घर जरा कललंय,
कुणा नव्या माणसांनी घेतलंय, दार पिवळं केलंय.
पायऱ्या आता सात.
चौथी माझ्या गुडघ्याच्या वर आलीय,
आणि कोंबडीची तीन बोटं अजून
दाराच्याच दिशेने निघालेली.

मी वाकून बघत होते तर खिडकीतून एका मुलाने विचारलं,
काही हरवलंय का.
कोंबडी, मी म्हटलं.
आमच्याकडे कोंबडी नाहीये, तो म्हणाला,
आणि तरीही बाहेर येऊन
माझ्याबरोबर शोधू लागला.